सत्र राखणे
पदवी परीक्षेस पात्र ठरण्यासाठी विद्यार्थ्याने विहित उपस्थितीसह सत्र पूर्ण करणे. मुंबई विद्यापीठाच्या (स्था. १८५७) नियमानुसार ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. वाणिज्य शाखेचे अनेक विद्यार्थी सनदी लेखापालाकडे उमेदवारी किंवा नोकरी करीत शिकतात. त्यांना ही अट विशेष जाचक वाटते. काही विषयांत अनुत्तीर्ण झालेल्यासही ठराविक मर्यादेत पुढील वर्षात प्रवेश मिळतो. या सवलतीस ‘एटीकेटी’ म्हणतात. ‘सत्र राखण्यास अनुमती’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे होत. ‘केटी लागली’ असे विद्यार्थी खेदाने म्हणतात. वस्तुतः तिच्यामुळे वर्ष वाचते. विषयातून मात्र सुटका होत नाही. हिशेबशास्त्र पायरीपायरीने कठीण होत जात असल्याने प्रथम वर्षाचा कच्चेपणा पुढे भोवतो, आणि राहिलेले विषय उत्तीर्ण होईपर्यंत पदवी मिळत नाही.