विश्लेषण : सीईटी-नीटच्या तोंडावरच शिंका का सुरू होतात? सर्दीची गोळी घेताना काय पाहावं?

बारावीचे पेपर संपतात, सीईटी आणि नीटची तयारी जोरात सुरू होते आणि नेमकं त्याच सुमारास अनेक घरांत कुणाचं तरी नाक गळायला लागतं. सकाळी उठल्याउठल्या ओळीनं दहा-पंधरा शिंका, डोळे लाल, टाळूला खाज. दुपारी जरा बरं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरातलं निदान ठरलेलं असतं : 'फ्रिजमधलं पाणी प्यायलास ना?' मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीची गोळी येते. नाक थांबतं आणि मुलगा पुस्तकावर डोकं ठेवून झोपून जातो.

ही सर्दी नाही, तर काय आहे?

बहुतेक वेळा ही ॲलर्जी असते. इंग्रजीत तिला 'हे फीवर' म्हणतात. नाव फसवं आहे, कारण यात ताप येत नाही. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरनं लंडनमध्ये स्वतःच्याच उन्हाळी त्रासाचं वर्णन केलं. तेव्हा लोक दोष वाळलेल्या गवताला देत होते, म्हणून 'हे'. खरा दोषी परागकण, हे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं आणि १८७३ मध्ये ते पुस्तकरूपात मांडलं.

साध्या सर्दीपासून ती ओळखणं फार अवघड नाही. सर्दी आठवड्या-दहा दिवसांत उतरते, ॲलर्जी कित्येक आठवडे रेंगाळते. पाण्यासारखं नाक, खाज आणि दरवर्षी तोच महिना, असं असेल तर गार पाण्याला सोडून द्यावं.

मग दोष कुणाचा?

इथे बहुतेकांचा संशय चुकीच्या झाडावर जातो. गुलमोहर, बहावा डोळ्यांत भरतात; पण भडक फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, ते कीटक-पक्ष्यांच्या अंगावरून प्रवास करतात. सावरीचा कापूस हवेत उडताना दिसतो, म्हणून तोही बदनाम. त्रास देतात ते डोळ्यांना न दिसणारे, वाऱ्यावर वाहणारे पराग. पानगळीनंतर फुलणारी वावळ त्यात पुढे आहे. तिच्या चपट्या, पंखासारख्या बिया अंगणात पडू लागतात तोवर परागांचं काम होऊन गेलेलं असतं. वेडी बाभूळ आणि निरनिराळी गवतं आहेतच. गाजर गवताला तर सांडपाण्याचा ओलावाही पुरतो. भारतात ते पसरत असल्याची नोंद १९५०च्या दशकात पुण्यातूनच झाली होती.

घरातला एक आरोपी मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षभर माळ्यावर पडलेला कूलर मार्चमध्ये खाली उतरतो आणि जुन्या जाळीतली धूळ व बुरशी थेट तोंडावर मारू लागतो. जाळी बदलायला आणि टाकी घासायला अर्धा तास लागतो.

परीक्षेशी याचा संबंध काय?

ब्रिटनमध्ये गवताच्या परागांचा हंगाम आणि शालान्त परीक्षा एकाच वेळी येतात. तिथल्या १,८३४ विद्यार्थ्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवाळ्यातल्या सराव परीक्षेपेक्षा उन्हाळ्यातल्या अंतिम परीक्षेत एखाद्या विषयाची श्रेणी घसरण्याची शक्यता, परीक्षेच्या दिवसांत लक्षणं असलेल्या मुलांमध्ये सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होती. झोप आणणारी ॲलर्जीची औषधं घेणाऱ्यांत ती सुमारे ७० टक्क्यांनी जास्त निघाली.

सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत 'क्लोरफेनिरामाइन' असतं. ते हिस्टामाइनला रोखतं, पण मेंदूतही पोहोचतं. त्यामुळे सुस्ती येते आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकू शकते. गोळीच्या पाकिटामागे हे नाव एकदा शोधून पाहाच. लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीतली औषधं त्या मानानं सौम्य. सेटिरिझिन त्याच पिढीतलं, तरी काहींना त्यानं पेंग येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतलं तर शरीरात कमी शोषलं जातं, म्हणून ते पाण्याबरोबरच घ्यावं. आणि कोणतीही नवी गोळी पेपरच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नये. डॉक्टरांना विचारून ती आधीच, सराव परीक्षेच्या दिवशी घेऊन बघावी.

नाकातल्या स्प्रेची सवय लागते का?

दोन वेगळ्या स्प्रेंचा हा गोंधळ आहे. बंद नाक काही मिनिटांत उघडणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन यांचे थेंब तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरले, तर नाक उलट जास्त चोंदतं. मग थेंबांशिवाय झोप येत नाही. स्टेरॉइडचा स्प्रे वेगळा. 'स्टेरॉइड' ऐकून पालक दचकतात, पण इथे मात्रा अल्प असते आणि औषध मुख्यतः नाकातच काम करतं. अडचण वेगळीच आहे : त्याचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बाटली ठेवून देतात. त्रास दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं तो दोन आठवडे आधीच सुरू करावा. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं मारावा. त्यामुळे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो.

घरी काय जमण्यासारखं आहे?

'खिडक्या बंद ठेवा' हा सल्ला ४२ अंशांत एसीशिवाय राहणाऱ्या घरात हास्यास्पद आहे. बाहेरून आल्यावर डोकं धुणं, कपडे बदलणं, दुचाकीवर चष्मा आणि मास्क, एवढं जमतं. जलनेती किंवा मिठाच्या पाण्यानं नाक धुण्याचा उपयोग होतो, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर बहुतेकदा जीवघेणं ठरतं.

डॉक्टरकडे कधी जावं?

छातीतून शिट्टीसारखा आवाज, रात्रीचा खोकला किंवा धाप असेल तर लगेच. ॲलर्जी आणि दमा अनेकदा जोडीनं येतात. नाक एकाच बाजूनं वाहत असेल तरीही दाखवावं. लहान मूल दर उन्हाळ्यात डोळे चोळत असेल, तर नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण सततच्या चोळण्यानं बुबुळाचा आकार बिघडू शकतो. गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर डोळ्यांचे स्टेरॉइड थेंब परस्पर आणून महिनोन्‌महिने घालणं सर्वांत धोक्याचं. ते नाकातल्या स्प्रेसारखे नाहीत; त्यांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.