फरशीवर रंग सांडलाय? अ‍ॅसिडची बाटली उचलण्याआधी हे वाचा

दिवाळीआधी घराला रंग दिला, पेंटर गेले, खाली अंथरलेले पेपर उचलले आणि शहाबादी फरशीवर पांढरे ठिपके दिसले. आमच्या घरी यावर लगेच उपाय झाला: संडास साफ करायचं अ‍ॅसिड. फरशी फसफसली, सगळ्यांना वाटलं रंग निघतोय. धुतल्यावर पाहिलं तर ठिपके जवळपास तसेच, आणि भोवतीची फरशी मात्र पांढरट, खरखरीत. तो डाग आजही तिथेच आहे.

असं का झालं? शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर दिसायला वेगवेगळे असले तरी चारही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. अ‍ॅसिड लागलं की ते विरघळतात. फेस येतो तो रंगाचा नव्हे, दगडाचा. लिंबू आणि व्हिनेगरही हेच करतात, फक्त हळू. त्यामुळे 'लिंबू चोळा, चकाचक करा' छाप रील्स संगमरवरी देव्हाऱ्यावर करून पाहू नका. ग्रॅनाइट आणि काळा बसाल्ट अशा सौम्य आम्लांना सहज दाद देत नाहीत.

आपला दगड कोणता, हे माहीत नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटांनी पुसा. तिथली चमक गेली, तर अ‍ॅसिड घराबाहेरच ठेवा.

आता रंगाकडे वळू. भिंतीचा इमल्शन रंग पाण्यात मिसळून लावतात. तो ओला असेल तर ओलं फडकं पुरेसं आहे. वाळला असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने किंवा जुन्या एटीएम कार्डाने आडवं खरवडा. तरीही राहिला तर कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन ठिपका मऊ करा. दार-खिडक्यांचा ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइन किंवा थिनर लागेल, आणि तेही रंग ताजा असेल तरच चांगलं काम करतं. खिडक्या उघडा, गॅस आणि देवाजवळचा दिवा बंद ठेवा, हातमोजे घाला. काहीही वापरलं तरी आधी कोपऱ्यात चाचणी करा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने पुसा.

रंग दगडाच्या छिद्रांत मुरला असेल तर घासून फायदा नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला पांढरा टिश्यू त्यावर ठेवा, प्लास्टिकने झाका, कडा टेपने बंद करा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी प्लास्टिक काढून टिश्यू तिथेच वाळू द्या. वाळताना तो रंग वर ओढून घेतो. एकदा केल्याने भागेलच असं नाही, दोन-तीनदा करावं लागतं. लोखंडी काथ्या मात्र नकोच. पॉलिशवर ओरखडे पडतात आणि मागे राहिलेल्या तारा गंजून तांबडे डाग देतात.

जुन्या वाड्यांच्या दगडी जोत्यावर किंवा खांबांवर ऑइल पेंटचे थर असतात. ते कोरडे घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग ओला करूनच काढावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे पाठवावं. थर जाड असतील तर हे काम जाणकाराकडेच द्या.