तुरीची कुंडली आणि कोरडवाहू शेत

दिवाळीच्या सुमारास लातूर-नांदेड भागात तूर फुलोऱ्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या शिवारातील हिरवीगार झाडे अकस्मात माना टाकू लागतात. पाऊस बरा झालेला असतो, जमिनीत ओल असते, तरीही झाड वाळते. खोड उभे चिरून पाहिले तर आत काळपट रेघ दिसते. हा मर रोग होय. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांवाटे शिरून रसवाहिन्या तुंबविते आणि पीक गेल्यावरही काही वर्षे त्याच जमिनीत टिकून राहते. बी, खत, मजुरी असा सारा खर्च होऊन गेल्यावर आणि शेंगा भरण्यापूर्वी हा घाला येतो. त्या वेळी दुसरे पीक घेण्याचा काळही निघून गेलेला असतो.

या रोगाशी लढण्याचे एक नवे साधन विज्ञानाने दशकापूर्वीच उपलब्ध करून दिले आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने नोव्हेंबर २०११ मध्ये तुरीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतील नागेंद्रकुमार सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे हे काम पुरे केले. दोन्ही गटांनी वाचनासाठी निवडलेला वाण एकच, मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा 'आशा'. तुरीच्या ११ गुणसूत्रांत सुमारे ४८ हजार जनुके असल्याचे इक्रिसॅटच्या गटाला आढळले. सोयाबीनचा जनुकसंच २०१० मध्ये आणि हरभऱ्याचा २०१३ मध्ये उलगडला. म्हणजे लातूरच्या आडत बाजाराचा व्यवहार ज्या तीन पिकांवर प्रामुख्याने चालतो, त्या तिन्हींची कुंडली आज मांडलेली आहे. तूर हे श्रीमंत देशांचे पीक नव्हे. म्हणूनच जागतिक संशोधनात ते दीर्घकाळ पोरके राहिले होते. ते पोरकेपण या कामाने पुष्कळ अंशी संपविले.

या वाचनाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणीही विचारील. जुन्या पद्धतीत रोगप्रतिकारक वाण तयार करावयाचा म्हणजे संकर करावयाचा, त्याची संतती रोगट जमिनीत पेरावयाची, झाडे मरतात की जगतात हे पाहावयाचे आणि हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालवावयाचा. तूर हे वर्षाकाठी एकदाच येणारे, दीर्घ मुदतीचे पीक असल्याने यात आठ-दहा वर्षे सहज जातात. हवा असलेला गुण गुणसूत्रावर कोठे आहे याची खूण ठाऊक असेल, तर कोवळ्या रोपाचे एक पान तपासून निवड करता येते. २०१७ मध्ये तुरीच्या २९२ वाणांचे व जातींचे असे वाचन प्रसिद्ध झाले. त्यामुळे कोणत्या जुन्या वाणात कोणता गुण दडला आहे याचा शोध सुलभ झाला.

परंतु हे काम एकदा करून संपणारे नाही. फ्युजेरियम कुळातील टोमॅटोवर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. रोग निर्माण करणारी गुणसूत्रे एका बुरशीतून दुसरीत जाऊ शकतात, असे त्यात दिसून आले. बुरशी रूप पालटते आणि आजचा प्रतिकारक वाण उद्या तिला बळी पडतो. म्हणून पिकाबरोबरच आपल्या शिवारातील बुरशीचेही वाचन वारंवार व्हावयास हवे. ते पाटणचेरूला वा दिल्लीला बसून होणार नाही. औसा-निलंग्याच्या मातीतले नमुने तेथेच, दरवर्षी गोळा करावे लागतील.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. हे करणार कोण? मानवी जनुकसंचाच्या २००३ मध्ये पुऱ्या झालेल्या वाचनास सुमारे तीन अब्ज डॉलर लागले होते. आज तेच काम हजार डॉलरच्या आत होते. तेव्हा वाचनाचा खर्च ही आता खरी अडचण नाही. अडचण आहे ती पुढल्या टप्प्यांची. तुरीचे बी शेतकरी घरचे राखू शकतो आणि २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क मान्य केला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय. मात्र जो ग्राहक दरवर्षी बी घेण्यास येत नाही, त्याच्यासाठी खासगी भांडवल पैसा गुंतविणार नाही. यात कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. बाजाराचा हिशेबच तसा आहे.

उलट स्थितीत काय होते, हे नांदेडने अनुभवले आहे. तेथील कापूस संशोधन केंद्राचा 'नांदेड-४४' हा संकरित वाण १९८० च्या दशकात आला आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो दूरदूर नेला. मार्च २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली, तेव्हा हे नवे जनुक खासगी वाणांत होते, सार्वजनिक वाणात नव्हते. थोड्याच वर्षांत बाजार खासगी वाणांनी व्यापला. 'नांदेड-४४' चे बीटी रूप आले ते फार उशिरा. नवे तंत्र वेळेवर हाती न आल्याने एक चांगला सार्वजनिक वाण मागे पडला. कापसात ती जागा भरून काढण्यास कंपन्या तरी होत्या. तुरीत ती कोण भरणार?

सुदैवाने साखळीचे दुवे येथेच आहेत. बदनापूरच्या केंद्राने 'बीएसएमआर ७३६' आणि 'बीडीएन ७११' यांसारखे वाण दिले आहेत. लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. हे दुवे जोडण्यासाठी स्थायी पैदासकार, प्रयोगशाळेला नियमित अनुदान आणि पैदासकार बियाण्यापासून प्रमाणित बियाण्यापर्यंतचा अखंड पुरवठा एवढे तरी हवे. इमारत बांधून आणि माणसे न नेमून संशोधन होत नाही.

वाणाने सारे प्रश्न सुटतील, असेही समजू नये. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. पुढे २०१७ मध्ये ५,०५० रुपयांच्या हमीभावाने तूर विकण्यासाठी शेतकरी खरेदी केंद्रांपुढे तिष्ठत राहिला. पूर्वी ज्वारीत तूर घेत, तेव्हा मर रोगाला आपोआप काहीसा आळा बसे. सोयाबीनच्या ओघात ती पद्धत मागे पडली, याचाही विचार झाला पाहिजे. पण भाव पडले तरी विकावयास पीक हाती लागते. मर लागली तर तेही उरत नाही. तुरीची कुंडली सार्वजनिक पैशातून मांडली गेली आणि ती सर्वांना खुली आहे. तिचा लाभ बांधापर्यंत पोचविण्याचा खर्चही सार्वजनिकच असावा लागेल, हे राज्यकर्त्यांनी एकदा स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.