कुत्र्याला स्वप्न पडतं का?

चिचगडच्या गल्लीत धानाच्या तणसावर झोपलेला कुत्रा दुपारी नीट बघा. आधी श्वास संथ चालतो. मग मिटल्या पापण्यांखाली डोळे फिरू लागतात, मिशा थरथरतात, पंजे धावल्यासारखे हलतात, दबकं भुंकणंही ऐकू येतं. ही रेम झोप. मेंदू जागा, पण स्नायू रोखलेले, म्हणून तो उठून पळत नाही. माणसाला ठळक स्वप्नं याच झोपेत पडतात. २००१ मध्ये एमआयटीच्या विल्सन आणि लुई या संशोधकांना झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत जागेपणीच्या धावपळीची उजळणी सापडली. उंदराचं असं, तर कुत्र्याला स्वप्न पडतच असणार, असं माझं ठाम मत! पिल्लं तर झोपेत फारच वळवळतात. अशा वेळी हात लावू नका, कुत्रा दचकून चावेल. उठवायचंच असेल तर लांबूनच हाक मारा.