एल्विन हेजच्या दोन रात्री

20 जानेवारी 1968. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये, जिथे एरवी बेसबॉल चाले, त्या अवाढव्य मैदानाच्या मधोमध लाकडी फरशीचा एक लहानसा चौकोन मांडला होता. फरशी थेट लॉस एंजेलिसहून आणलेली. भोवती 52,693 प्रेक्षक, आणि अगदी पुढच्या रांगेतला माणूसही खेळाडूंपासून लांबच लांब. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सामन्याला एवढी गर्दी तोवर कधीच झाली नव्हती.

यजमान ह्यूस्टन विद्यापीठासमोर होता लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा संघ. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या या संघाने सलग 47 सामने जिंकले होते. मध्यभागी सात फुटांहून उंच ल्यू अल्सिंडर, ज्याला पुढे जगाने करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखलं. त्याच्यामुळेच 1967-68च्या हंगामापासून चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबण्यावर, म्हणजे ‘डंक’वर, बंदी आली असं तेव्हा सर्रास बोललं जाई. मात्र ह्यूस्टनच्या पोरांनाही डंकचा भारी सोस होता. बंदीचा फटका त्यांनाही बसला.

त्या पोरांचा म्होरक्या एल्विन हेज. लुइझियानातल्या रेव्हिल या छोट्या गावचा, वर्णभेदाच्या काळात फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शाळेत शिकलेला. 1964 मध्ये प्रशिक्षक गाय लुईस यांनी हेज आणि डॉन चेनी यांना ह्यूस्टन विद्यापीठात आणलं. त्या विद्यापीठाचे हे पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. हा तपशील मला स्कोअरकार्डाइतकाच मोलाचा वाटतो. दक्षिणेतल्या त्या शहरात पन्नास हजार लोक या दोघांच्या नावाने घसा फोडत होते, आणि चारच वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या संघाची दारं त्यांच्यासारख्यांना बंद होती.

1967च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात यूसीएलएने ह्यूस्टनला 73-58 असं हरवलं होतं. हेजने तेव्हा 25 गुण आणि 24 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यांनंतर पकडलेले चेंडू) मिळवले, तरी हार ती हारच. आता तो हिशोब चुकता करायचा होता. पाठ बास्केटकडे, मग हवेत गिरकी घेऊन मारलेला फटका हे त्याचं हुकमी अस्त्र. पूर्वार्धातच त्याचे 29 गुण झाले. आठवडाभरापूर्वीच्या सामन्यात अल्सिंडरच्या डोळ्याला इजा झाली होती. दोन सामने बाहेर बसून तो परतला होता. त्याचे 18 पैकी फक्त 4 फटके आत गेले. ही दुखापत सांगितल्याशिवाय हेजचं कौतुक करणं अन्यायाचं होईल. पण हेजच्या 39 गुणांमागे नुसती समोरच्याची दुखापत नव्हती, हेही तितकंच खरं.

शेवटची 28 सेकंदं उरली तेव्हा 69-69 अशी बरोबरी. हेजला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो हा त्याच्या खेळातला कच्चा दुवा! त्याने दोन्ही टाकले. 71-69. देशभर शंभराहून अधिक दूरचित्रवाणी केंद्रांवर लोक बघत होते; नियमित हंगामातला महाविद्यालयीन सामना रात्रीच्या मुख्य वेळेत असा देशभर दिसण्याची ही पहिलीच वेळ. टीव्हीवाल्यांना या खेळातला पैसा त्या रात्री दिसला.

बहुतेक लेखक इथेच थांबतात. मला मार्चची रात्रही तितकीच महत्त्वाची वाटते.

22 मार्चला पुन्हा तेच दोन संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात भिडले, यावेळी लॉस एंजेलिसमध्ये. ह्यूस्टन अपराजित, क्रमांक एकवर. हेजची हंगामाची सरासरी 36.8 गुण. यूसीएलएचे चौघे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात उभे राहिले आणि पाचवा, लिन शॅकलफोर्ड, हेजला सावलीसारखा चिकटला. हेजपर्यंत चेंडूच पोहोचेना. त्याचे गुण झाले अवघे 10. निकाल 101-69. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनालाही लोळवून यूसीएलए विजेता झाला. 1967 ते 1973 अशी सलग सात विजेतेपदं त्यांनी नेली.

एका माणसाने बलाढ्य संघाला एका रात्री हरवलं, आणि दोन महिन्यांनी त्या संघाने त्या एका माणसावर तोडगा काढला. पाच जणांची आखणी एकट्यासाठी बदलावी लागली, यातच माझ्या मते हेजचं मोठेपण सर्वांत स्पष्ट दिसतं.

पुढे व्यावसायिक बास्केटबॉलच्या 16 हंगामांत त्याचे फक्त 9 सामने चुकले. 1978 मध्ये वॉशिंग्टन बुलेट्सबरोबर तो एनबीए विजेता झाला. ह्यूस्टन विद्यापीठाचा पुरुष संघ मात्र 1983, 1984 आणि 2025 अशा राष्ट्रीय स्पर्धेच्या तीन अंतिम सामन्यांत पोहोचला आणि तिन्ही हरला.