एका थेंबातून काय कळते आणि काय कळत नाही

कुंडलिका नदीने जालना शहराचे जुना आणि नवा असे दोन भाग केले असून, जुन्या जालन्यातील गांधी चमन परिसरातल्या स्त्री रुग्णालयात शहराबरोबरच खेड्यापाड्यांतूनही गरोदर स्त्रिया तपासणीसाठी येतात. रुग्णालय असो, उपकेंद्र असो वा अंगणवाडी, बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबावर जागेवरच होणाऱ्या व काही क्षणांत आकडा देणाऱ्या चाचणीला शीघ्र तपासणी म्हणता येईल. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ या राष्ट्रीय कार्यक्रमाने डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन मोजणारे हातात मावणारे यंत्र, सरकारी आरोग्यसेवेत मोठ्या प्रमाणावर आणले. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या आणि महिनोन्‌महिने न परतणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने अहवाल त्याच दिवशी हाती पडणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र या सोयीबरोबर काही चुकीच्या समजुतीही पसरल्या आहेत.

त्यांतील सर्वांत रुजलेली समजूत अशी की, हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी आणि हिमोग्लोबिन ठीक म्हणजे सारेच ठीक. वस्तुतः हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन असून, त्याचे प्रमाण लोहाच्या अभावाने जसे घटते तसेच फॉलिक आम्ल किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने, हिवतापाने, आतड्यातील आकडेकृमींनी, तसेच सिकलसेल व थॅलेसेमिया या आनुवंशिक विकारांनीही घटते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के बालकांत रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला, तर लोहाची कमतरता ३२ टक्क्यांत. हे दोन गट तंतोतंत एकच नाहीत. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: शरीर आधी साठ्यातील लोह वापरते आणि साठा आटल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागते, त्यामुळे आकडा १२ असतानाही साठा रिकामा असू शकतो. हा साठा फेरिटिन नावाच्या प्रथिनावरून अजमावतात. पण ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन वाढते आणि कमतरता झाकली जाते, म्हणून ते मोजतानाही शरीरात दाह आहे का हे पाहावे लागते.

ब-१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने जगाला शिकवले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रियांचा जो दीर्घकालीन अभ्यास केला, त्यात बहुसंख्य स्त्रियांत हे जीवनसत्त्व कमी आढळले, आणि ज्या मातांत ब-१२ कमी पण फॉलेट भरपूर होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद मंद असल्याचे दिसले. बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजणारे यंत्र याविषयी काहीही सांगत नाही. आणि लोह व फॉलिक आम्लाच्या गोळीने ब-१२ भरूनही निघत नाही.

यंत्रावरचा आकडा अचूकच असतो, हा समजही तपासून घ्यावा लागतो. पूर्वीच्या साहली पद्धतीत रक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळून, तपकिरी द्रावण थेंबाथेंबाने पातळ करत डोळ्यांनी रंग जुळवावा लागे, त्यामुळे दोन तपासनिसांचे निष्कर्ष वेगळे येत. डिजिटल यंत्राने ती अडचण बरीच दूर केली, हे निःसंशय. पण थेंब नीट नसेल तर यंत्र काय करणार? स्पिरिट पूर्ण वाळण्याआधी सुई टोचली, पहिला थेंब पुसला नाही, किंवा रक्त येत नाही म्हणून बोट जोराने पिळले, तर स्पिरिट किंवा पेशींभोवतीचा द्रव रक्तात मिसळून आकडा खोटा उतरतो. थेंब ज्यावर घेतात त्या चाचणी-पट्ट्यांची बाटली उघडी राहिली किंवा मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात पिशवीत तापली, तरीही भरवसा राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त ठरल्या, त्या बोटाच्या रक्तावरून. वर उल्लेखिलेल्या पोषण सर्वेक्षणात मात्र शिरेतील रक्त घेतले होते. अशा आकड्यांची तुलना करताना हा भेद विसरता कामा नये.

कॅल्शियमचा गैरसमज निराळा आहे. रक्तातील कॅल्शियम योग्य मर्यादेत आले की हाडे मजबूत आहेत असे मानले जाते. परंतु कंठातील परावटू ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील पातळी राखत असल्याने, हाडे झिजत असतानाही रक्ताचा अहवाल निर्दोष येऊ शकतो.

शिबिरांमध्ये हातात धातूची कांडी धरायला लावून मिनिटभरात सगळ्या जीवनसत्त्वांचा आणि खनिजांचा छापील अहवाल देणारी यंत्रे ही मात्र सरळ फसवणूक आहे. तळहाताच्या कातडीतून वीज किती वाहते हे घामावर अवलंबून असते. त्यावरून रक्तातील जस्त किंवा ड जीवनसत्त्व कळण्याचा कोणताही मान्य शास्त्रीय मार्ग नाही, आणि असा अहवाल बहुधा महागड्या पावडरीच्या विक्रीनेच संपतो.

आयोडीनची घरोघरी होणारी शीघ्र तपासणी शरीराची नव्हे, तर मिठाची असते: चिमूटभर मिठावर स्टार्चचे द्रावण टाकल्यावर ते जांभळट-निळे झाले, तर मिठात आयोडीन आहे एवढेच सिद्ध होते. घरातील मिठात ते दशलक्ष भागांत किमान १५ भाग असावे लागते.

शीघ्र तपासणी ही अशा रीतीने चाळणी आहे, निदान नव्हे. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी निघाले तर लोहाच्या गोळ्यांचा उपचार सुरू करावा, ७ पेक्षा कमी निघाले तर केवळ गोळ्यांवर न थांबता तिला रुग्णालयात पाठवावे; आणि गोळ्या नियमित घेऊनही महिन्याभरात आकडा १ ग्रॅमनेही वाढला नाही, तर कारण लोहाव्यतिरिक्त असू शकते असे समजून पुढील तपासण्यांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे, असेच राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणून त्या एका महिन्यानंतरची दुसरी तपासणी कोणत्याही स्त्रीने चुकवू नये.