होडीची कांती

मैत्रिणींनो, बाहेर पडताना आपण डोक्याला स्कार्फ गुंडाळतो, उन्हाने चेहरा रापला की हळद-दुधाचा लेप लावतो. पण आमच्या एडवणच्या किनाऱ्यावर रोज उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात उभ्या असणाऱ्या होडीच्या कांतीचं काय? तिच्यावर घराची चूल पेटते, आणि तिचा रंग उडाला की आपण म्हणतो, "आता जुनी झाली!"

एडवण, कोरे, दातिवरे हा सफाळ्याच्या पश्चिमेचा पट्टा. जून-जुलैच्या बंदीत होड्या वर ओढल्या जातात, जाळी शिवायला निघतात. पूर्वी लाकडी होडी असताना फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, बाहेरून तेल चोपडायचं, हे ठरलेलं असायचं. घरातल्या बाया त्याला हातभार लावायच्या. मग फायबरच्या होड्या आल्या आणि एक गोड गैरसमजही आला, "फायबरला काही करावं लागत नाही." खरं तर लागतं, फक्त ते वेगळं असतं.

फायबरच्या होडीवर सगळ्यात बाहेर जो रंगीत, गुळगुळीत थर दिसतो त्याला जेलकोट म्हणतात. तो नंतर फासलेला ऑइलपेंट नव्हे. साचा तयार झाला की सगळ्यात आधी हाच रंगीत रेझिन साच्यात लावतात आणि त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट चढवतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवल्यासारखी! आतल्या मॅटपर्यंत पाणी मुरू न देण्याचं काम हा थर करतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन हळूहळू तुटतं, त्यातला रंग भुकटी होऊन सुटतो. होडीवर तळहात फिरवला आणि खडूसारखी पूड लागली, की समजायचं, कांती गेली. लाल-निळ्या होड्यांवर हे लवकर दिसतं, पांढऱ्यावर उशिरा.

एक सोपी परीक्षा सांगते. ओल्या फडक्याने एक हातभर जागा पुसा. ओलं असेपर्यंत मूळ रंग झळकला आणि वाळल्यावर पुन्हा फिका पडला, तर थर अजून शाबूत आहे. हाताने घासून चमक आणता येईल. ओलं करूनही रंग फिकाच राहिला किंवा आतली धाग्यांची वीण दिसायला लागली, तर घासण्यात अर्थ नाही. तिथे नवा थर लागेल. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील आणि फुटल्यावर आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर पाणी आत मुरलंय. ते काम जाणत्या कारागिराचं.

आता कृती. आधी भरपूर गोड्या पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने होडी धुवा. मीठ, तेल, डिझेलचे डाग सगळं निघालं पाहिजे. मग गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो तो वॉटर पेपर. आकडा जितका मोठा तितका कागद मऊ. फारच खराब असेल तर ८०० पासून, नाहीतर थेट १००० पासून सुरुवात करा, मग १५००, शेवटी २०००. लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्याला कागद गुंडाळा आणि सतत पाणी सोडत हलक्या हाताने घासा. भाकरी थापताना कडेला हात जसा हलका होतो, तसा कोपऱ्यांवर हलका करा, तिथे थर लवकर झिजतो. अधूनमधून पुसून बघत राहा आणि धाग्यांची वीण डोकावू लागली की तिथेच थांबा. नोंदणी क्रमांकाला धक्का लावू नका.

पुढे रबिंग कंपाउंड. सुती कापडावर थोडंसं घेऊन हातभर जागेत गोल गोल घासायचं, चमक आली की पुसून पुढची जागा. शेवटी वॅक्सचे दोन पातळ हात. भर दुपारच्या उन्हात हे करू नका, वॅक्स लगेच सुकून डाग पडतात. सकाळची सावली बरी. पावसाळ्यात धुणं-घासणं चालून जातं, पण वॅक्सला कोरडा दिवसच हवा. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला वॅक्स लावू नये, तिथे शेवाळ-कालवं न धरणारा रंग लागतो. पुढे कुठे ठिगळ लावायचं असेल तर सिलिकॉनची पॉलिश टाळा, तिच्यावर रेझिन नीट धरत नाही.

एवढं सांगून थांबले असते, पण सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. कोरडं घासू नका. वाळलेली पूड नाकातोंडात जाते, काचेची बारीक कुसळं अंगाला खाजवतात. ओलं घासा आणि तरीही मास्क बांधा, नुसता पदर पुरत नाही. रेझिनचं काम चालू असेल तिथे गरोदर बाईने आणि लेकरांनी थांबू नये. कोबाल्ट आणि हार्डनर या दोन बाटल्यांतलं थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर त्यानंतर. हार्डनर डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच. या बाटल्या स्वयंपाकघरात, रिकाम्या तेलाच्या बाटल्यांशेजारी ठेवलेल्या मी पाहिल्यात. आजच उचला!

आणि एक गोष्ट मनातली. बचत गटात मी विचारते, "बंदीत काय करता?" उत्तर येतं, "काही नाही बाय, घरीच असतो." प्रत्यक्षात गोडं पाणी तीच भरते, होडी तीच घासते, जाळी तीच शिवते. होडीचं नाव बहुतेक वेळा नवऱ्याच्या कागदावर. पुढे होडी विकायची किंवा गहाण टाकायची वेळ आली की "तुला काय कळतं त्यातलं?" हे ऐकावं लागतं. म्हणून माझं सांगणं एवढंच: एक वही करा. कोणत्या तारखेला काय केलं, किती तास लागले, कागद आणि कंपाउंडला किती खर्च आला, सगळं लिहा. मजुरीने माणूस लावला असता तर किती दिले असते, तो आकडाही शेजारी मांडा. दोन-तीन वर्षांची वही समोर असली की घरात बोलायला आधार मिळतो.

नारळी पौर्णिमेला होडीची पूजा होते, नारळ वाहिला जातो, होडी चमकते. ती चमक कुणाच्या मनगटांनी आणली, हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मोठ्याने म्हणावं. तेवढं म्हणवून घ्यायला आपणही लाजू नये.